जास्त हाय, काप

पहिल्या भेटीत मी त्याच्यासंग फ्रेंचमध्ये बोललो. मले फ्रेंच येत नाही, ही गोष्ट वेगळी.

झालं असं का, आसगावहून मोठ्या आईचा फोन आला. मोठी आई म्हणजे माह्या बाबाच्या मोठ्या भावाची बायको. म्हणे, "आपल्या समोरच्या खोलीत एक गोरा बुढा राहाले आला. फ्रान्सचा हाय. पुस्तकं लिवते म्हंते. तू ये बापा लवकर, त्याच्यासंग बोलाले कोनी तं पाहिजे."

मी पवनीचा. तवा कॉलेजात होतो आन गॅदरिंगमध्ये मिमिक्री करत होतो. एसटीचा कंडक्टर, आमचे प्राचार्य, टीव्हीवर भांडणारे पुढारी, हवा धरलेला मोटरपंप, सारे मले येतेत. मोठ्या आईचा विचार सरळ होता. ज्या पोट्ट्याले मोटरपंपाची भाषा येते, त्याले फ्रेंच काहून नाही येणार?

मलेही तसंच वाटलं. गाडी काढली आन गेलो.

बुढा ओसरीत खाटेवर बसला होता. पंचाहत्तरीच्या पुढचा, उंच, हाडकुळा. नाक असं का त्याच्यावर एक चष्मा ठेवून आणखी एकाले जागा उरे. खाली लुंगी, वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी हात जोडले आन सुरू झालो. ओठाचा चंबू केला, नाकातून आवाज काढला, मधामधात गुळणी केल्यासारखं घशात खळखळवलं. खांदे पण उचलले. पुरे दोन मिनिटं, न थांबता. मोठी आई दारात उभी होती. तिच्या तोंडावर असा अभिमान, जसा का मी तिकडेच जन्मलो.

बुढ्यानं सारं ऐकून घेतलं. चष्मा काढून लुंगीले पुसला. मंग म्हणे, "काहून बोंबलून राहिला बे? दात दुखते का?"

अस्सल आमच्या बोलीत! पवनीचे मास्तर पण अशी बोलत नाहीत. माह्या हातातली पिशवी खाली पडली. मोठी आई पदरात तोंड घालून हासाले लागली. तिले दोन दिवसांपासून माहीत होतं का बुढा बोलते म्हणून. मले मुद्दाम बोलावलं होतं.

त्याच्या मराठीची एक गंमत होती. साधं बोलणं अडखळत बोले, शब्द शोधत. पण मधातच एखादं वाक्य असं सुटे का वाटावं, बांधीत, म्हणजे धानाच्या वावरात, रोवणी करणारी बाईच बोलून राहिली. पवनीच्या बँकेत मी त्याले घेऊन गेलो. खिडकीतली मॅडम मोबाइलवर बोलत होती. बुढा पंधरा मिनिटं गुपचूप उभा राहिला. मंग खिडकीत वाकून म्हणे, "काहून गे बाई, तुया हात हालत नाही का? सूर्य डोक्यावर आला." मॅडमनं मोबाइल ठेवला आन पहिले माह्याकडं पाहिलं. तिले वाटलं, आवाज मीच काढला.

"हे तुमी शिकलात कुठी?" मी इचारलं.

"ऐकून," म्हणे. एवढंच. आन नाक खाजवलं. बुढ्याले एखादी गोष्ट सांगाची नसली का तो नाक खाजवे. तेवढं मोठं नाक असल्यावर वेळ पण बराच जाय.

त्याच्या उशाशी एक कैची राहे. शिंप्याची, काळी, हातभर. त्याच्या आईची. आई तिकडच्या एका बारक्या गावात कपडे शिवत होती. बाप नव्हता. पोरगा कैची आन चिंध्यांत मोठा झाला आन कादंबरी लिहाले बसला. पहिली कादंबरी एवढी जाड झाली का प्रकाशक म्हणे, हे आमाले उचलतच नाही. पोरगा रडला. आईनं कैची हातात देल्ली. म्हणे, कोट कापताना रडलं तं कपडा भिजते, आन भिजलेला कपडा सरळ कापता येत नाही. पोरानं दोन महिने बसून ती कादंबरी पाव हिश्श्यावर आणली. छापली, तं नाव झालं, बक्षीस भेटलं. त्याच्यावर कोणीतरी सिनेमा काढला. बुढा, म्हणजे तवाचा जवान, पाहाले गेला आन अर्ध्यातून उठून आला. म्हणे, "माया कोट दुसऱ्याच्या आंगात. बाह्या लोंबून राहिल्या." तवापासून सिनेमाही आपणच काढाले लागला. लिहाचं पण, काढाचं पण.

"तुमी हिरो होते का डायरेक्टर?" मी इचारलं.

"प्रोड्युसर."

"मंजे काय करे?"

बुढ्यानं थोडा विचार केला. त्या आठवड्यात तो गावातल्या एका लग्नात जेवून आला होता. म्हणे, "तो पोरीचा बाप होता ना मांडवात? सारे नाचत होते. तो कोपऱ्यात उभा राहून मंडपवाल्याले पाहे, आचाऱ्याले पाहे, बस आली का पाहे. मी तो."

सकाळी लिहे आन दुपारी कापे, असा त्याचा रोजचा कायदा. लिहलेलं पान उभं धरे, कैची उघडे, आन कचकन ओळी खाली पाडे. उरलेल्या पट्ट्या डिंकानं जोडे. खाली पडलेल्या पट्ट्या मोठी आई झाडून चुलीत घाले. "फ्रान्सचा कागद हाय, चांगला पेटते," म्हणे. कागद पवनीचाच होता, मीच आणून देत होतो.

"जास्त हाय, काप." हे त्याचं वाक्य. भाजीत तिखट जास्त, काप. वर्तमानपत्र कैचीनं कापून चार बातम्या ठेवे, बाकी परत. लग्नाची पत्रिका आली, तं वरून खाली वाचली आन म्हणे, "एवढे काका कायले? दोन ठेव." पंधरा ऑगस्टले शाळेत झेंडावंदन झालं. सरपंच भाषणाले उभे राहिले. बुढा पहिल्या ओळीत, खुर्चीवर. पाच मिनिटं झाल्यावर त्यानं हात वर केला आन दोन बोटांची कैची करून हवेत दोनदा चालवली. मागे बसलेल्या साऱ्या शाळेनं हात वर केले, सारी शाळा कैच्या चालवाले लागली. सरपंच "जय हिंद" म्हणून खाली बसले. त्या दिवशी पोट्ट्यांना चिवडा गरम भेटला. मास्तर मले कानात म्हणे, "बुढ्याले कायमचं नाही का ठेवता येत?"

माह्यावरही चालली कैची. मी दहा मिनिटांचा आयटम बसवला होता, भंडाऱ्याच्या स्पर्धेसाठी. त्याच्यापुढं करून दाखवला. मोठी आई हासून हासून खांबाले टेकली. बुढा हासला नाही. म्हणे, "पुढारी काप. पुढारी सारेच करतेत. कंडक्टर अर्धा काप. मोटरपंप ठेव."

"नुसता मोटरपंप?"

"मोटरपंप तुले दुखते. बाकी तू पाहून करते."

हे काय बोलला मले समजलं नाही. पण आमच्या बाबाचा पंप तीन वर्षं असाच हवा धरत होता, आन बाबा त्याच्याशी कसे बोलत ते मी रोज पाहत होतो, हे खरं. तीन मिनिटांचा मोटरपंप घेऊन मी भंडाऱ्याले गेलो. पहिला नंबर आला. धावत धावत आसगावले येऊन ढाल दाखवली. बुढ्यानं ढाल हातात घेतली, फिरवून पाहली. म्हणे, "शेवटचे दहा सेकंद जास्त होते."

एकदाच मी त्याले कापाकापीवर टोकलं. म्हटलं, "कापता कापता कधी चांगलं पण कापल्या जात असन ना?" तो म्हणे, बायको होती. सोडून गेली. जाताना म्हणे, तुह्या वहीत मी तीनशे पानं होती आन छापून आली तं दीड पान. हे सांगून बुढा हासला. मंग बराच वेळ कैचीले धार लावत बसला. धार होतीच तिले.

आता मोठ्या आईचं सांगतो. त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

छत्तीस वर्षांपूर्वी आसगावात फ्रान्सचे सिनेमावाले आले होते. जीप, कॅमेरे, छत्र्या. त्यांना धानाच्या रोवणीचं शूटिंग पाहिजे होतं. गावच्या बाया बांधीत उतरल्या. मोठी आई तवा पंधरा-सोळा वर्षांची पोरगी, त्यात होती. चार दिवस शूटिंग चाललं. सिनेमावाले गेले, आन मोठी आई 'फ्रान्सवाली' झाली. लग्न गावातच झालं, ते पण याच्यावरच. माह्या आजीनं म्हणे चार पोरी पाहल्या आन सांगतलं, सिनेमातली आण. तवापासून घरात काही वाद झाला का मोठ्या आईचं शेवटचं वाक्य ठरलेलं, "मले अख्खं फ्रान्स ओयखते, आन तू शिकवते?" याच्यावर कोणाजवळ उत्तर नाही. गॅस एजन्सीत फोटो मागला, तं म्हणे, "माया फोटो फ्रान्समंदी हाय, मागवून घ्या."

तिची गोष्ट ती नेहमी एकाच जागी संपवे. आमच्याकडं अशी पद्धत आहे का रोवणीच्या शेवटच्या दिवशी बाया धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, जाणाऱ्या माणसापुढं पऱ्ह्याची पेंडी आडवी ठेवतेत. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. पेंडी ठेवली का माणसानं थांबाचं. मालक असो, पाहुणा असो, त्यानं बायांना गोडधोड खाऊ घालाचं. त्याले बोजारा म्हणतेत. पेंडी ओलांडून कोणी जात नाही. तं मोठी आई सांगे, "शेवटच्या दिवशी मी पेंडी घेऊन धावली, जीपसमोर ठेवली. जीप बाजूनं निघून गेली. बिचाऱ्यायले घाई होती. सिनेमा लवकर दाखवाचा होता ना तिकडं."

त्या जीपमध्ये हाच होता. हाच प्रोड्युसर.

मे महिन्यात बुढा त्या रोवणीचा एक जुना फोटो घेऊन गावात उतरला, तं बसस्टॉपवरच्या पोट्ट्यानं त्याले सरळ मोठ्या आईच्या दारात आणून सोडलं. तिनं खोली देल्ली, चांगल्या कपात चहा देल्ला, आन आजूबाजूच्या बाया गोळा करून सांगतलं, "पाहा, मी खोटी सांगत होती का?"

मंग साहजिकच साऱ्या गावाले सिनेमा पाहाचा होता. "साहेब, सिनेमा दाखवा ना." बुढा नाक खाजवे. आज लाइन नाही. आज पाऊस आहे. पडदा नाही. मले वाटलं, बुढ्याले पेन ड्राइव्ह लावता येत नसन. म्हटलं, आपणच शोधू. सिनेमाचं नाव त्याच्या एका पुस्तकाच्या मागं होतं. दोन दिवस नेट खाल्लं आन सिनेमा भेटला.

पूर्ण पाहला. दोन तास एक फ्रेंच बाई आन एक फ्रेंच माणूस भांडतेत. आधी रेल्वेत, मंग हॉटेलात, मंग नदीवर. हिंदुस्थान येते, एक हत्ती येते, साधू येते. आसगाव येत नाही. मले वाटलं, पळवताना निघून गेलं. पुन्हा पाहला, न पळवता. बांधी नाही. बाया नाहीत. मोठी आई नाही.

दुसऱ्या दिवशी बुढा नहराच्या पुलावर बसला होता, तिथं त्याले मोबाइल दाखवला. म्हटलं, "कुठी हाय माही मोठी आई?"

यावेळी त्यानं नाक नाही खाजवलं. हात गुडघ्यावर ठेवले आन सांगाले लागला.

सिनेमात एकच गोष्ट चार-पाच वेळा करावी लागते, हे मले पण माहीत होतं. डायरेक्टरनं बायांना म्हटलं, रोवलेलं उपटा आन पुन्हा रोवा, तिथंच. बाया सरळ उभ्या झाल्या. दुभाष्यानं दहादा समजावलं. डायरेक्टर ओरडला, टोपी चिखलात फेकली. बाया म्हणे, लावलेला पऱ्हा उपटत नसते. पाहिजे तं पुढं लावतो. आन लावत गेल्या. कॅमेरा त्यांच्यामागं. चार दिवसांत बांधी भरली.

"पॅरिसमंदी पाह्यलं," बुढा म्हणे. "एका शॉटमंदी पानी, दुसऱ्यामंदी धान, तिसऱ्यामंदी पुन्हा पानी. जुळे नाही. डायरेक्टर रडे, म्हणे, ठेवू, सुंदर हाय. मी म्हनलो, जास्त हाय, काप." दोन बोटं त्यानं हवेत मिटवली. "बारा मिनिटं होते. कापले. फिल्मचा डब्बा मी घरी आनला. आता पेन ड्राइव्हमंदी हाय."

"आन ही बोली?"

"डब्ब्यात आवाज बी होता. बाया बोलत राहतेत रोवताना. मी ऐको. आधी वर्सातून एकदा. मंग रोज."

"मंग आल्याबरोबर सांगाचं होतं!"

"तिनं चहा देल्ला," म्हणे. "बाया बलावल्या. मी कसा सांगो?"

मी तवा भलता हुशार होतो. म्हटलं, "टेन्शन नाही. तुमची बारा मिनिटं द्या, मी मोबाइलवर मधात जोडून देतो. हत्तीच्या बाजूले. कोणाले कळते?"

बुढ्यानं माह्या हातातला मोबाइल घेतला. त्याले मोह पडला होता, मी सांगतो. त्याचे ओठ हालले. मंग म्हणे, "नाही. एकदा कापलो. आता खोटं नाही जोडत."

रोवणी लागाच्या आधीचा रविवार होता. भर दुपारी मोठ्या आईच्या घरात खिडक्यांना पोते लावले आन टीव्हीले पेन ड्राइव्ह लावला. त्या वेळच्या बायांपैकी पाच जणी गावात उरल्या होत्या. त्या समोर बसल्या. मोठ्या आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मोठे बाबा दाराजवळ, मी टीव्हीजवळ. बुढा मागं, भिंतीले टेकून उभा.

टीव्हीवर पाणी चमकलं. वाकलेल्या बायांची रांग दिसली. रोवणीत तोंड कुठं दिसते? नुसत्या पाठी आन पाय. पण या पाच जणी पाठीवरून ओळखाले लागल्या.

"हे पाय पाह्य, माया सासूचे!" शेवंताकाकू म्हणे. "मेली तरी चाल तशीच."

"ते गंगी. ते तं कवाची गेली."

"आन हे कोन बारकी? कंबर पाह्य, काडीवानी!"

"मी होय व ते," मोठी आई म्हणे. आन लाजली. मी तिले कधीच लाजताना पाहलं नव्हतं.

तेवढ्यात टीव्हीवर कोणीतरी गोरा ओरडाले लागला. डायरेक्टर. रांगेतली ती काडीवानी पोरगी सरळ झाली, चिखलाचा हात कमरेवर ठेवला, आन स्वच्छ आवाजात म्हणे, "काहून बोंबलून राहिला बे? दात दुखते का?"

साऱ्या बाया फुटल्या. मी एकट्यानं फिरून बुढ्याकडं पाहलं. त्याचे ओठ तेच वाक्य बोलून राहिले होते, बिनआवाजी. तिच्यासंगच सुरू, तिच्यासंगच बंद. मी मिमिक्री करतो म्हणून फुशारकी मारतो. बुढ्यानं तीस-पस्तीस वर्षं एकाच आयटमची प्रॅक्टिस केली होती.

शेवटच्या शॉटमध्ये कॅमेरा जीपच्या आत होता. रस्त्यावर तीच पोरगी पेंडी ठेवताना दिसली. ठेवून, बाजूले होऊन, हासत उभी. जीप थोडी थांबली, पेंडीच्या बाजूनं वळली. पोरगी मागं बारीक होत गेली. टीव्ही निळा झाला.

शेवंताकाकू डोळे पुसत म्हणे, "फ्रान्सचे लोक तं लय हासले असतीन, नाही का साहेब?"

बुढा भिंतीपासून पुढं आला. "नाही हासले. कोनी नाही पाह्यलं. हे मी कापलं. सिनेमात तुमी नाही."

"मी?" मोठी आई म्हणे.

"तू बी नाही."

"काहून?"

त्यानं सांगतलं. नहरावर मले सांगतलं तसंच. पाणी, धान, पुन्हा पाणी. जुळे नाही. सांगून झाल्यावर म्हणे, "चूक मायी. डायरेक्टरची नाही."

मोठ्या आईनं आवाज नाही चढवला. चढवला असता तं बरं झालं असतं. तिनं खाली ठेवलेले कप गोळा केले. अर्ध्यांत चहा तसाच होता. दारापर्यंत गेली आन वळून म्हणे, "मंग मी छत्तीस वर्सं लोकायले काय सांगत होती?"

त्या दिवसापासून ती बुढ्याशी बोलली नाही. जेवण बंद नाही केलं, हे पण सांगतलं पाहिजे. ताट झाकून उंबऱ्यावर ठेवे आन जाय. तिखट जास्त झालं का कमी, हे इचारणं बंद. बुढा पण "काप" म्हणणं विसरला. पट्ट्या पडेनाशा झाल्या. मी एकदा खोलीत डोकावलो, तं पानावर पान चढत होतं आन कैची उशाखाली.

तिनं आणखी एक केलं, जे मले जमलं नसतं. पिठाच्या चक्कीवर कोणी म्हटलं, "काय व फ्रान्सवाली." तं मोठी आई म्हणे, "नव्हती मी. कापलं मले." स्वतःच सांगतलं. मंग काय, गावाले विषयच पाहिजे होता. घरात जावेनं, म्हणजे माह्या काकूनं, पण एक दिवस ऐकवलं, "आता कोन ओयखते व तुले, फ्रान्स का?" मोठ्या आईजवळचं शेवटचं वाक्यच गेलं होतं.

मी बुढ्याले म्हटलं, "पाहा, जोडू देल्लं असतं तं!" तो लिहत राहिला.

रोवणी सुरू झाली. पंधरा-सोळा दिवस चालली. मोठी आई रांगेत सर्वांत पुढं. शेवटच्या दिवशी सकाळी बुढा मले म्हणे, पवनीले चल. हॉटेलातून त्यानं गरम जिलेबी घेतली. किती घ्याची म्हणून हॉटेलवाल्यानं इचारलं, तं म्हणे, "जास्त." मी त्याच्या तोंडाकडं पाहतच राहिलो. हा शब्द त्याच्या तोंडून अशा अर्थानं मी पहिल्यांदा ऐकला.

बांधीजवळ पोचलो तवा दुपार कलली होती. शेवटचा कोपरा उरला होता. बुढा गाडीवरून उतरला, लुंगी वर खोचली, जिलेबीची पिशवी डाव्या हातात धरली आन धुऱ्यावरून चालाले लागला. बायांच्या अगदी समोरून. सावकाश. पेंडीची वाट पाहत.

कोणी पेंडी ठेवली नाही. बाया वाकलेल्याच. बुढा त्या टोकाले गेला, वळला, पुन्हा आला. नाही. चिखलात पाय घसरे, पिशवी सांभाळे, पण चाले. तिसऱ्यांदा गेला. शेवंताकाकूनं एक पेंडी उचलली, तं मोठ्या आईनं नुसतं पाहलं. काकूनं पेंडी खाली ठेवली. मले वाटलं जाऊन बुढ्याले हाताले धरून परत आणावं. उन्हानं त्याचं नाक लाल झालं होतं.

चौथ्यांदा तो वळला, तवा मोठी आई सरळ झाली. पेंडी घेतली, धुऱ्यावर चढली, आन त्याच्या पायापुढं आडवी टाकली.

बुढा थांबला. एकदम. जसा काही त्याचा पंप बंद केला. त्यानं पिशवी पुढं केली.

मोठ्या आईनं पिशवी घेतली नाही. कमरेवर चिखलाचा हात ठेवला. म्हणे, "असं नाही. मांगं जाय आन पुन्हा ये."

बुढ्याले समजलं नाही.

"रीटेक," मोठी आई म्हणे.

बुढा मागं गेला. पुन्हा आला. पेंडीपाशी थांबला.

"नाही जुळत," मोठी आई म्हणे. "पयल्यांदा पिशवी डाव्या हातात होती. आता उजव्यात हाय. चालते का असं? पुन्हा."

बाया आता कामं सोडून उभ्या झाल्या होत्या. कोणीतरी खिदळलं. बुढा पुन्हा गेला, डाव्या हातात पिशवी घेऊन आला.

"आता चष्मा नाकावर खाली आला. पुन्हा."

"अव सोड ना व त्याले, मरन तो," शेवंताकाकू म्हणे.

"मरत नाही. जीपमंदी बसून गेला होता, आता चालू दे थोडसा."

बुढा चालत होता आन हासत होता. गालावरून पाणी येत होतं, घाम होता का काय, मी जवळून पाहलं नाही. सहाव्यांदा तो पेंडीपुढं उभा राहिला. तवा मोठ्या आईनं त्याले वरून खाली पाहलं आन पिशवी घेतली. पहिली जिलेबी तोडून त्याच्याच तोंडात घातली, चिखलाच्या हातानं. बाया सुटल्या. कोणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर पंजा उठवला, कोणी गालावर. मोठी आई माह्याकडं वळली. मी तिकडं गाडीवर बसून सारं मोबाइलमध्ये घेत होतो, पहिल्या फेरीपासून.

"घेतलं का रे?"

"हाव."

"सारं?"

"हाव ना, मोठ्या आई."

"कापजो नको," ती म्हणे.

बुढा दिवाळीच्या आधी परत गेला. कादंबरी जाड झाली, म्हणून मेसेज आला होता, प्रकाशक कुरकुर करून राहिला म्हणे. मोठी आई जावेशी भांडते तवा आता म्हणते, "प्रोड्युसरले सहा वेळा चालवलं मी, तू कोन?" याच्यावर पण कोणाजवळ उत्तर नाही.

व्हिडिओ माह्या मोबाइलमध्ये आहे. एकवीस मिनिटांचा. त्यातले चौदा मिनिटं तं नुसता बुढा धुऱ्यावरून चालते, इकडून तिकडं, तिकडून इकडं, हातात पिशवी. मोबाइल रोज सांगते, जागा भरली, काही तरी काढा. मी व्हिडिओ उघडतो, पाहतो. जास्त हाय.

राहू देतो.